कच्च्या तेलाचा भाव नेमका कोण ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातात कुठे खुट्ट झालं की आपल्याकडे पेट्रोल पंपावर रांगा लागतात आणि व्हॉट्सॲपवर तेलतज्ज्ञांचं पीक येतं. अशा वेळी हमखास विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींना दोन-चार वाक्यं पुरतात, काहींसाठी थोडं इतिहासात शिरावं लागतं.

बातम्यांत ‘तेल ७० डॉलरवर’ म्हणतात ते कुठलं तेल?

बहुतेक वेळा ब्रेंट, म्हणजे उत्तर समुद्रातलं तेल. त्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला माल घेण्या-देण्याचे सौदे, लंडनच्या बाजारात चालतात. अमेरिकेचं मापटं वेगळं, डब्ल्यूटीआय. त्या वायद्याचं तेल ओक्लाहोमातल्या कुशिंग या गावातल्या टाक्यांमध्ये ताब्यात घ्यायचं असतं. आखातातून आशियाकडे येणाऱ्या तेलाचा हिशेब दुबई आणि ओमानच्या भावावर होतो. भाव पिंपाचा सांगतात. एक पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर.

पण या छापील भावात खरेदी कुणीच करत नाही. सौदी अरेबियाची सरकारी तेल कंपनी सौदी अरामको दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या महिन्यासाठी एक आकडा जाहीर करते: दुबई-ओमानच्या सरासरीपेक्षा इतके डॉलर जास्त किंवा इतके कमी. युरोपसाठी हा आकडा वेगळा, अमेरिकेसाठी वेगळा. एकच तेल आशियाला महाग पडतं ही भारताची आणि जपानची जुनी तक्रार आहे. शिवाय तेल किती जड आणि त्यात गंधक किती, यावरही भाव हलतो. आपलं सरकार ज्याला ‘इंडियन बास्केट’ म्हणतं ती दुबई-ओमान आणि ब्रेंट यांची, आपल्या रिफायनऱ्या जे तेल वापरतात त्या प्रमाणात काढलेली सरासरी असते.

मग हा भाव ओपेक, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना, ठरवते असं समजायचं का?

अर्धंच. आणि ते अर्धं समजून घ्यायला १९६० सालात जावं लागतं.

तोवर भाव ठरवायच्या त्या अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या. मध्यपूर्वेतल्या विहिरी, जहाजं, रिफायनऱ्या, सगळं त्यांचंच. ज्यांच्या जमिनीखाली तेल, त्या देशांना कंपनीने जाहीर केलेल्या भावावर वाटा मिळायचा. १९५१ मध्ये इराणच्या मोसाद्देघ सरकारने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, तर ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घडवून आणला आणि १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने ते सरकारच उलथवलं गेलं. ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी जाहीर भाव परस्पर कमी केला, कुणालाही न विचारता. उत्पादक देशांच्या तिजोरीवर हा सरळ घाला होता. महिनाभरात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला बगदादमध्ये जमले आणि ओपेक जन्माला आली. पहिली दहा वर्षं तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

१९७३ मध्ये चित्र पालटलं. अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांचं तेल रोखलं, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. इथे एक गोष्ट नेहमी निसटते. असाच बहिष्कार १९६७ मध्येही झाला होता आणि फसला होता. कारण तेव्हा अमेरिकेकडे जादा तेल उपसायची क्षमता शिल्लक होती. १९७३ पर्यंत ती संपली होती. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे: तेल किती आहे यापेक्षा, न वापरता राखून ठेवलेली उपसा-क्षमता कुणाकडे आहे ते बघा. ती आज प्रामुख्याने सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीकडे आहे. अशी क्षमता बांधून नुसती पडून ठेवायला पैसा लागतो. तो घालणारा देश दुसऱ्यांना दम देऊ शकतो.

अर्थात दम देणंही फुकट नसतं. १९८० च्या दशकात भाव टिकवण्यासाठी सौदीने आपलं उत्पादन कमी करत करत रोज एक कोटी पिंपांवरून वीस-पंचवीस लाखांवर आणलं. बाकीचे सदस्य मात्र ठरलेल्या कोट्याबाहेर गुपचूप विकत राहिले. शेवटी सौदीने नळ सोडला आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरपर्यंत गडगडला. कोट्याची चोरी आजही चालते. इराक आणि कझाकस्तान यांची नावं त्यात नेहमी येतात. अंगोला तर कोट्यावरूनच भांडून २०२४ च्या सुरुवातीला बाहेर पडला.

आता मैदानात तिसरा भिडू आहे: अमेरिकेचं शेल तेल, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेलं तेल. २०१८ पासून जगात सर्वांत जास्त तेल अमेरिका काढते. पण तिथे कोटा ठरवणारं कुणी नाही. टेक्सासमधल्या शेकडो कंपन्या भाव चढला की विहिरी खणतात, पडला की थांबतात. त्यांना आवर घालणं एकट्या ओपेकला झेपेना, म्हणून २०१६ मध्ये रशियाला सोबत घेऊन ‘ओपेक प्लस’ झाली. म्हणजे भाव अनेकांच्या ओढाताणीतून ठरतो, पण ओढाताणीत प्रत्येकाचं वजन सारखं नसतं.

२०२० मध्ये तेलाचा भाव शून्याखाली गेला होता म्हणे. तेल घेणाऱ्यालाच पैसे मिळत होते?

कागदावर हो. २० एप्रिल २०२० ला डब्ल्यूटीआयचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीमुळे मागणी बसली होती, कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच आरक्षित होती. दुसऱ्या दिवशी वायद्याची मुदत संपत होती. ज्यांच्याकडे टाकी नाही अशा सटोडियांच्या गळ्यात खरं तेल पडणार होतं, ते टाळण्यासाठी त्यांनी वर पैसे देऊन सौदे सोडवले. ब्रेंट त्या दिवशी शून्याच्या बराच वर होता, कारण ते समुद्रातलं तेल; टाकी नसली तर जहाजात तरी भरता येतं.

याची झळ मुंबईतही बसली. इथल्या एमसीएक्स या वायदे बाजारात त्या काळात व्यवहार संध्याकाळी पाचला बंद होत होते. अमेरिकेतली घसरण आपल्या रात्री झाली, तेव्हा इथल्या गुंतवणूकदारांना सौदा सोडवायची सोयच नव्हती. एक्स्चेंजने तो करार उणे २,८८४ रुपयांना मिटवला आणि दलालांनी कोर्टाची पायरी चढली. तेल कमोडिटीत खेळणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

होर्मुझ, होर्मुझ म्हणतात, तिथे एवढं काय आहे?

इराण आणि ओमान यांच्यामधली, अरुंद जागी तेहतीसेक किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी. मोठ्या जहाजांसाठीची वाट तर त्याहून चिंचोळी: जायला दोन सागरी मैल, यायला दोन. २०२० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तिथून रोज सुमारे दोन कोटी पिंपं तेल आणि तेलपदार्थ जात होते, म्हणजे जगाच्या वापराच्या पाचवा हिस्सा. कतारचा द्रवरूप वायूही याच वाटेने.

वळसा घालायला दोनच बऱ्यापैकी मार्ग आहेत. सौदीची पूर्वेकडून तांबड्या समुद्रावरच्या यान्बू बंदरापर्यंतची पाइपलाइन, आणि अमिरातीची फुजैरापर्यंतची. दोन्ही मिळूनही सगळं तेल त्यातून जाऊ शकत नाही. कुवेत, बहारीन आणि कतार यांना तर वळसाच नाही. वायूला पाइपलाइनने पलीकडे नेऊन जहाजात भरायची सोयही तिथे नाही.

आपल्या दृष्टीने कच्च्या तेलापेक्षा नाजूक गोष्ट स्वयंपाकाच्या गॅसची. भारताला लागणाऱ्या एलपीजीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो आणि तो प्रामुख्याने आखातातून आला आहे. कच्चं तेल रशिया, आफ्रिका, अमेरिका कुठूनही आणता येतं. सिलिंडरच्या गॅसला इतक्या पटकन दुसरा पुरवठादार सापडत नाही.

रशियावर निर्बंध असताना भारताने त्यांचं तेल घेतलं ते कायदेशीर होतं का?

होय, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेने इराणच्या बाबतीत ‘विकत घेऊच नका’ असं धोरण ठेवलं. भारताने मे २०१९ नंतर इराणचं तेल घेणं थांबवलं. रशियाच्या बाबतीत तसं करणं परवडणारं नव्हतं. रशिया एवढा मोठा विक्रेता बाजारातून एकदम गेला असता तर पाश्चात्त्य देशांतच पेट्रोलचा भडका उडाला असता. म्हणून ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी वेगळीच शक्कल लढवली. तेल वाहू द्यायचं, पण ६० डॉलरच्या वर विकलं असेल तर आमची जहाजं आणि आमचा विमा मिळणार नाही.

इथे विमा हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. जगातल्या सागरी जहाजांपैकी सुमारे ९० टक्के टनभाराचा तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मोजक्या डझनभर संस्थांच्या एका गटाकडे आहे, आणि त्यात लंडनचं वजन मोठं. टँकर बुडून किनारा तेलाने माखला तर भरपाई कोण देणार, हे कागदावर दाखवल्याशिवाय बंदरात शिरू देत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे तेलाचा थेंब नाही तोही तेलाच्या वाटेत उभा राहू शकतो. रशियाने त्यावर उत्तर शोधलं: जुनी टँकर जहाजं विकत घ्यायची, मालकी एखाद्या अनोळखी कंपनीच्या नावावर ठेवायची, झेंडा तिसऱ्याच देशाचा लावायचा, गरज पडली तर समुद्रात ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करायचं. यालाच ‘सावली ताफा’ म्हणतात.

भारताला यात भावात सूट मिळाली आणि आपण ती घेतली. २०२२ पूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो दोनेक वर्षांत एक तृतीयांशाच्या वर गेला. जामनगर आणि वाडीनारसारख्या गुजरातच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांनी त्या तेलाचं डिझेल करून युरोपलाही विकलं. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये याबद्दल फारशी कुरकुर नव्हती, कारण भाव आटोक्यात राहत होता. पुढे वारं फिरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणासाठी भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं आणि ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट व लुकॉइल या रशियन तेल कंपन्यांवर थेट निर्बंध घातले. तेल ज्या रिफायनरीने घेतलं ती गुजरातेत आणि शुल्काचा फटका सुरत-तिरुपूरच्या निर्यातदाराला, असा तो न्याय होता. स्वस्त तेलाचा फायदा ग्राहकाला किती मिळाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. पंपावरचा भाव तरी त्या काळात जवळपास जागचा हलला नाही.

‘पेट्रोडॉलर करार’ संपला, आता डॉलर कोसळणार, हे खरं आहे का?

नाही. जून २०२४ मध्ये हा मेसेज जगभर फिरला: सौदी आणि अमेरिकेतला पन्नास वर्षांचा करार संपला म्हणे. १९७४ मध्ये दोन्ही देशांनी आर्थिक सहकार्यासाठी एक संयुक्त आयोग नेमला होता, हे खरं. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं असं कलम त्यात नव्हतं. तेलाचे पैसे सौदीने अमेरिकी सरकारच्या रोख्यांत ठेवावेत ही समजूत वेगळी होती, तीही बरीच वर्षं गुपचूप.

डॉलर टिकून आहे तो सोयीमुळे. भारताने रशियाला रुपये देऊन पाहिले, तर त्या रुपयांचं करायचं काय हा रशियापुढे प्रश्न पडला, कारण आपल्याकडून ते फारसं काही घेत नाहीत. मग अमिरातीच्या दिऱ्हॅम या चलनात व्यवहार होऊ लागले. दिऱ्हॅम तरी कशाला बांधलेला आहे? डॉलरलाच.

सर्वांत जास्त तेल असलेला देश सर्वांत श्रीमंत का नाही?

सिद्ध साठ्यांत पहिला नंबर व्हेनेझुएलाचा, सुमारे ३०० अब्ज पिंपं. पण त्यातलं बरंचसं डांबरासारखं जड, ते पातळ केल्याशिवाय पाइपातून वाहत नाही. त्यासाठी भांडवल, तंत्रज्ञान आणि अनुभवी माणसं लागतात. २००२-०३ च्या संपानंतर राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी सरकारी तेल कंपनीतल्या सुमारे १८ हजार लोकांना काढून टाकलं. एके काळी रोज तीस लाख पिंपांच्या वर असलेलं उत्पादन पुढे दहा लाखांच्याही खाली गेलं. २०१९ चे अमेरिकी निर्बंध हा त्यावरचा शेवटचा घाव, पहिला नव्हे.

नॉर्वेला १९६९ मध्ये तेल सापडलं. तेल कंपन्यांच्या नफ्यावर तिथे एकूण ७८ टक्के कर आहे, आणि तो पैसा सरकार थेट खर्च करू शकत नाही. परदेशात गुंतवलेल्या निधीतून वर्षाला साधारण तीन टक्केच काढायचे असा संकेत आहे. फक्त एक विसरू नये. नॉर्वेकडे तेल निघालं तेव्हा प्रामाणिक नोकरशाही आणि लोकशाही आधीपासून होती. ‘नॉर्वेसारखं करा’ असा सल्ला नायजेरियाला देणं सोपं असतं.

नैसर्गिक वायूचं राजकारण तेलापेक्षा वेगळं का?

कारण वायू हलवणं अवघड. एक तर पाइपलाइन हवी, नाहीतर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा, खास जहाजातून आणायचा आणि पुन्हा वायू करायचा. दोन्हींत आधी अब्जावधी डॉलर घालावे लागतात, म्हणून विक्रेता आणि गिऱ्हाईक वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने एकमेकांना बांधले जातात. ‘माल उचला किंवा न उचलता पैसे भरा’ हे कलम त्यात ठरलेलं. कतारशी आपला पंचवीस वर्षांचा करार १९९९ चा, २००४ मध्ये गुजरातच्या दहेज बंदरात पहिला वायू उतरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढवला.

करार असला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. २०२२ मध्ये रशियाने युरोपचा पाइपलाइनचा वायू आवळला, तेव्हा युरोपने जगभरातली जहाजं चढ्या भावाने आपल्याकडे वळवली. पाकिस्तानला निविदा काढूनही कुणी विकेना. आपल्या ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीचा वीस वर्षांचा करार रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी होता, ती कंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि जहाजं येणं थांबलं. करारातला दंड भरूनही तोच माल खुल्या बाजारात विकणं त्या वेळी फायद्याचं होतं.

महाराष्ट्राने हा धडा आधीच, आणि महागात, घेतला आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आयात वायूवर चालायचा होता. तो येईपर्यंत पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्ता या कच्च्या तेलातून निघणाऱ्या इंधनावर सुरू झाला. विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाशी बांधलेला, आणि वीज घ्या न घ्या, क्षमतेचं भाडं राज्य वीज मंडळाने भरायचं. तेल चढलं, रुपया घसरला, मंडळाचं कंबरडं मोडलं. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोर झाली. द्रवरूप वायू उतरवायचं एलएनजी टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं. त्यातही लाटा अडवणारा बांध अपुरा, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नव्हतं. कोकणातल्या कुणाही नाखव्याने हे आधी सांगितलं असतं.

कच्चं तेल उतरलं तरी पेट्रोल स्वस्त का होत नाही?

हिशेब करून बघू. पिंप ७० डॉलरला, डॉलर ८६ रुपयांना: झाले ६,०२० रुपये. भागिले १५९, म्हणजे लिटरला सुमारे ३८ रुपये. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ च्या पुढे होतं. मधल्या अंतरात शुद्धीकरण, वाहतूक, कंपनीचा नफा आणि पंपचालकाचं कमिशन येतं. पण मोठा वाटा केंद्राचं सुमारे २२ रुपये उत्पादनशुल्क आणि राज्याचा पंचवीसच्या घरातला व्हॅट यांचा होता.

मे २०२० मध्ये तेल मातीमोल झालं होतं, तेव्हा केंद्राने पेट्रोलवर एका फटक्यात १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. उतरत्या भावाचा फायदा सरकार घेतं आणि चढत्या भावाचा भार बऱ्याचदा तेल कंपन्यांवर टाकून निवडणुका होईपर्यंत थांबतं. पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून ‘नियंत्रणमुक्त’ आहे, हे कागदोपत्री. करात किती ताकद आहे ते बघायला आखातात जायची गरज नाही. सावंतवाडी-बांद्याचे गाडीवाले पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात टाकी का भरतात, ते विचारा.

आपल्याकडे किती दिवसांचा साठा आहे?

विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या खडकात कोरलेल्या गुहांमध्ये एकूण ५३ लाख टनांची जागा आहे. ती पूर्ण भरली तर साडेनऊ दिवस पुरते. रिफायनऱ्यांच्या टाक्या आणि वाटेवरचा माल धरून सरकार दोन महिन्यांहून मोठा आकडा सांगतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पूर्ण सदस्यांना आयातीच्या ९० दिवसांएवढा साठा ठेवावा लागतो. एप्रिल-मे २०२० मध्ये आपण या गुहा सरासरी १९ डॉलरच्या तेलाने भरल्या, हे मात्र मानलं पाहिजे. गुहा जास्त असत्या तर जास्त भरता आलं असतं.

मुंबई हाय असताना एवढी आयात कशाला?

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या जहाजाने तिथे तेल शोधलं, १९७६ मध्ये ते निघू लागलं, आणि ऐंशीच्या दशकात देशाची निम्म्याहून जास्त गरज घरच्या तेलावर भागली होती. क्षेत्र आता म्हातारं झालंय, मागणी कैक पटींनी वाढलीय. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो.

रत्नागिरीची रिफायनरी झाली असती तर महाराष्ट्रात पेट्रोल स्वस्त मिळालं असतं का?

नाही. नाणारची वर्षाला सहा कोटी टनांची योजना, २०१८ मध्ये त्यात भागीदारीसाठी पुढे आलेल्या सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक, २०१९ मध्ये रद्द झालेलं भूसंपादन, मग २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावरचं आंदोलन, यावर बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे: रोजगार, आंबा, मासेमारी, कातळशिल्पं. स्वस्त पेट्रोल हा मुद्दा त्यात बसत नाही. आपल्याकडे रिफायनरीच्या दारातला भाव आयात-निर्यातीच्या जागतिक भावावरून काढतात. रिफायनरी राजापुरात असो की जामनगरला. अरामकोला रस होता तो वेगळ्या कारणाने. ठरलेल्या प्रमाणात आपलंच तेल घेणारं, पुढची तीस-चाळीस वर्षं कुठे न जाणारं गिऱ्हाईक त्यांना हवं होतं, आणि नंतर तशीच गुंतवणूक त्यांनी चीनमध्ये केली.